माय उतरवली, ट्रंक चढवली

मित्रांनो, काही वस्तूंचा जन्म माणसाच्या खांद्यावर बसून जग पाहण्यात जातो. त्यांतलीच मी एक जुनी कावड आहे. बांबूची एक दांडी, तिच्या दोन्ही टोकांना दोरांची शिंकी आणि शिंक्यांत टोपल्या, एवढंच माझं शरीर.

एटापल्लीच्या पुढे, रानात, कोसमटोला नावाची लहानशी गोंड वस्ती होती. तिथल्या कोलू नावाच्या जवान गड्यानं मला घडवलं. भरीव बांबू निवडून त्यानं तो चिरला, विस्तवावर शेकून त्याला बाक दिला आणि विळ्यानं तासून गुळगुळीत केला. त्याची आई मंगली हिनं पळसाच्या मुळ्या ठेचून माझे दोर वळले. कोलू चालू लागला की मी त्याच्या पावलाबरोबर लवायची आणि ओझं हलकं वाटायचं. शेजारचा लालसू माझी दांडी हातात घेऊन म्हणायचा, "मलेही अशीच करून दे ना, भाऊ!" ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायची.

ती वर्षं सुखाची होती. मी झऱ्याचं पाणी वाहिलं, मोहाची फुलं वाहिली. एटापल्लीच्या बाजाराला चारोळी नेली आणि मीठ आणलं. कोलूचं सोमारीशी लग्न झालं, तेव्हा तिची भांडीकुंडी माझ्यातूनच घरी आली.

पण त्या गावाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पायवाटेवर खाकी कपडा दिसला की कोसमटोला रिकामा व्हायचा. चुलीवरची आंबील चुलीवरच राहायची. बायका लेकरं काखोटीला मारून रानात शिरायच्या. गडी डोंगर चढून जायचे. मला वाटायचं, ही माणसं भित्री आहेत. काही केलं नाही तर पळायचं कशाला?

मग कळलं. पोलीस यायचे, तेव्हा त्यांच्या सामानाला माणूस लागायचा. जो सापडेल त्याच्या खांद्यावर ट्रंक आणि वळकटी चढायची. वाटेतल्या कोंबड्याही चढायच्या. अशा फुकटच्या राबणुकीला वेठ म्हणत. देश स्वतंत्र झाला होता आणि वेठ बंद करणारा कायदाही झाला होता. पण तो कायदा कोसमटोल्याची पायवाट काही चढला नव्हता. कुणी 'नाही' म्हटलं, तर त्याच्या पाठीवर काठी बसायची. सांगा, अशा पाहुण्याला पाहून तुम्ही दारात थांबला असता का?

आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मंगलीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजून टम्म झाला आणि अंगात ताप भरला. एटापल्लीला कंपाउंडर बसतो, हे कोलूनं बाजारात ऐकलं होतं. सकाळीच त्यानं माझ्या एका टोपलीत आईला बसवलं आणि दुसरीत तोलाला एक धोंडा ठेवला.

घरात ते गोंडीत बोलत. तुम्हांला कळावं म्हणून मी माझ्या बोलीत सांगते. मंगली हसून म्हणाली, "धोंड्याएवढीच राह्यली का रे मी?"

"धोंडा भारी हाये, यायो," कोलू म्हणाला. यायो म्हणजे आई. मंगली तापातही खुदकन हसली. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ ओझी वाहिली. पण इतक्या मानाचं ओझं मला दुसरं मिळालं नाही.

डोंगर उतरताना समोरून तीन पोलीस आले, एक जमादार आणि दोन शिपाई. ठेकेदाराच्या लाकडाच्या अड्ड्यावरून कुऱ्हाडी चोरीला गेल्या होत्या. त्याचा तपास करून ते चौकीवर परत निघाले होते. त्यांचे वेठीचे गडी वाटेतच पळून गेले होते आणि सामान वाटेवर पडलं होतं. कोलूच्या पायांना पळायची सवय होती, पण खांद्यावर आई होती. तो थांबला.

"ए, कुठी चालला बे?" जमादारानं दरडावलं.

"सायेब, माय बिमार हाये. दवाखान्यात नेऊन राह्यलो."

"आन आमचं सामान कोण नेईन? उतरव तिले."

"सायेब, तिले चालता येत नाई. तिले पोचवतो, मंग येतो."

"तू येशीन? तुमची जात कधी परत आली का बे?"

दोन शिपायांपैकी वयानं मोठा होता तो रामाजी. तो दबकत म्हणाला, "जमादारसायेब, म्हातारी लई तापली हाये." जमादारानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग रामाजीनंच मंगलीला टोपलीतून उचललं आणि मोहाच्या झाडाखाली बसवलं. स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. फार हळुवारपणे उतरवलं त्यानं तिला. पण हळुवारपणे केला म्हणून अन्याय लहान होतो का? तिच्या जागी त्यांनी ट्रंक ठेवली आणि धोंड्याच्या जागी वळकटी. माझी दांडी करकरली. तेव्हा मोडता आलं असतं, तर मी मोडले असते.

कोलू मागे वळून वळून पाहत चालला. वाटेत ओढा लागला. जमादार तोंड धुवायला वाकला, तसं कोलूनं मला वाळूत ठेवलं आणि तो आल्या वाटेनं धावत सुटला.

"पळाला! पकडा त्याले!"

धाकट्या शिपायानं त्याला झुडपात गाठलं. काठ्या पडल्या. मग त्याच्या कमरेला दोर बांधला आणि मला पुन्हा त्याच्याच खांद्यावर ठेवलं. त्याच्या खांद्याचं रक्त माझ्या दांडीला लागलं. मंगलीनं वळलेले दोर आणि कमरेचा तो दोर मी शेजारी शेजारी पाहिले.

चौकीवर जमादारानं सांगून टाकलं, "आमाले पाहून पळाला. कुऱ्हाडीवाला चोर हाच." झालं! तपास संपला. कोलूला कोठडीत टाकलं आणि मला चौकीच्या भिंतीला टेकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चांद्याहून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी कोलूला समोर उभं केलं.

"तू चोरी केली नाहीस म्हणतोस. मग पळालास का?"

कोलू म्हणाला, "माय झाडाखाली हाये."

"मी काय विचारतोय? पळालास का?"

"माय झाडाखाली हाये, सायेब."

साहेबांना वाटलं, हा वेडा आहे. जमादार हसला. तेव्हा दारात उभा असलेला रामाजी पुढे आला. "सायेब, तो खरं सांगून राह्यला. त्याच्या मायले म्याच उतरवलं, आपली ट्रंक ठेवाले."

साहेबांनी कोलूला सोडून द्यायला सांगितलं आणि जमादाराला समज दिली. समज! एका माणसाची आई रानात टाकून दिल्याबद्दल नुसती समज!

कोलू तसाच धावत सुटला. मी चौकीवरच राहिले. पुढचं मला नंतर सोमारीच्या तोंडून कळलं. झाडाखाली मंगली नव्हतीच. ती हातांवर फरफटत लेकाच्या मागे निघाली होती आणि ओढ्याजवळ निपचित पडली होती. डोंगरावर लपून हे सगळं पाहणाऱ्या लालसूनं आणि सोमारीनं पोलीस गेल्यावर तिचा माग काढला आणि तिला घरी नेलं. पुढे कोलूनं तिला पाठुंगळी घेऊन एटापल्ली गाठली. जीव वाचला, पण उशीर फार झाला होता. तो पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही.

काही दिवसांनी रामाजीनं मला स्वतःच्या खांद्यावर घेतलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. भर उन्हात तो एकटाच कोसमटोल्याला आला. लांबून त्याचा साफा दिसला आणि गाव उठलं. सगळ्यांत पुढे कोलू पळाला. मंगलीनंच ओरडून त्याला पिटाळलं होतं, "पळ! मले काय नेतीन ते!"

रामाजी अंगणात उभा राहून रानाकडे ओरडला, "अरे, मी वेठीले नाई आलो! कावड द्याले आलो!" रानात एक पानही हललं नाही. दारात मंगली मात्र एकटी होती. ती हातांवर सरकत घरात शिरायला बघत होती.

"माय, मी काय वाघ हाव का?" रामाजीनं विचारलं.

मंगली थांबली. बाजारात शिकलेल्या तुटक मराठीत म्हणाली, "वाघ लेकाच्या खांद्यावरून माय उतरवत नाई, बाबू."

रामाजीनं मला भिंतीला टेकवलं आणि खाली मान घालून तो निघून गेला. त्याचा साफा पार दिसेनासा झाल्यावरच कोलू रानातून बाहेर आला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझे दोर कुजले, टोपल्या केव्हाच गेल्या. मला कुणी जपलं नाही तरी चालेल. पण कधी एखादा माणूस जीव घेऊन पळताना दिसला, तर 'यानं काय चोरलं?' असं लगेच विचारू नका. त्याच्याकडून कुणी काय हिरावून घेतलं, ते आधी विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या खाकी कपडा घातला, तर इतकंच करा. एखाद्या गावात शिरल्यावर तिथली लेकरं घरात पळणार नाहीत, असं वागा.