आवतन

"इंजन बैठ गया, उकंडराव," रतनसिंग मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाला, आणि आमच्या ह्यांचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा झाला.

रझाकारांच्या किती तरी आधीची गोष्ट. हिंगोलीच्या एका कंत्राटदारानं वापरून टाकलेली ती मोटार ह्यांनी घेतली होती. वरचं कापड ठिकठिकाणी शिवलेलं, एक दरवाजा सुतळीनं बांधलेला. पुसेगावचे उतारू सकाळी हिंगोलीला न्यायचे आणि दिवेलागणीला परत आणायचे. पहाटे उठून हे आधी मोटारीचं तोंड पुसत, मग स्वतःचं. खरीखुरी सवत आणली असती तरी तिला एवढं जपलं नसतं.

मिस्त्रीनं दोनच वाटा सांगितल्या. एक तर मोटार भंगारात द्यायची. नाही तर त्याच्याकडे दुसऱ्या मोटारीतून काढलेलं चालतं इंजिन पडून होतं, ते बसवायचं. बदल्यात त्याला बैलजोडी हवी होती, कारण पलीकडच्या वाडीत त्याचा भाऊ मोहनसिंग शेती करायचा आणि त्याचे बैल थकले होते. आमचं रान बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं, तरी दारात एक जोडी होती. हौश्या आणि पाखऱ्या. माझ्या बापानं आंदण दिलेली.

हे माझ्यापुढे एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त झोंबलं. भाकरी चिवडायची, उठायचं आणि अंगणात जाऊन त्या मेल्या मोटारीत बसायचं. बरं, उतारूंचीही सवय सुटेना. शेजारची मनकर्णा आत्या सकाळी बोचकं घेऊन यायची, मागच्या गादीवर पान चघळत गावच्या उखाळ्यापाखाळ्या करायची आणि ऊन चढलं की उतरून घरी जायची. एकदा मी विचारलं, आत्या, मोटार तर बंद आहे, मग कुठं निघालात?

"कुटं न्हाई. बसाया काय व्हतंय?"

मी पोट धरून हसले. हसता हसता मला आई आठवली. वसमतला ती शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा ह्यांनी याच मोटारीतून मला नेलं होतं. वाटेत चिखलात रुतलो, लोकांनी ढकललं, पण पोचलो. आईनं मला ओळखलं, माझा हात धरला आणि मगच डोळे मिटले. बैलगाडीनं निघाले असते तर मला तिची मातीसुद्धा मिळाली नसती. बैल बापानं दिले हे खरं, पण आईची शेवटची भेट मोटारीनं दिली.

त्या दिवशी ताट वाढताना मीच ह्यांना म्हणाले, "द्या बैल. इंजन बसवा."

"तुह्या बापाची निशानी हाय ती."

"माह्या बापाची निशानी मी हाय. तुमी जेवा आता."

बैल नेले तेव्हा मी चुलीपासून उठले नाही. धुराचं निमित्त बरं असतं. आठवडाभरात मोटार आधी खोकली, मग गरजली, आणि सगळ्यांच्या आधी मनकर्णा आत्या आत जाऊन बसली. हे तर चाक धरून लहान लेकरासारखे हसत होते. ते हसू बघून माझं मन भरलं.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि त्यांना जेवणाचं आवतन द्यायचं, ही आमच्याकडची रीत. मी सवयीनं वाटी घेऊन गोठ्यात शिरले आणि तोंडातून निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." समोर रिकामी दावण. मला रडूच फुटलं. एकदा दिलेलं आवतन मागं घेता येत नाही, आणि जेवायला कुणीच आलं नाही तर घराला बरं नसतं म्हणतात. हे मागं उभे राहून सगळं ऐकत होते. डोकं खाजवत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी वेशीतल्या तोरणाखाली गावचे बैल उभे राहिले, आणि सगळ्यांच्या मागं आमचे हे मोटार घेऊन हजर! दिव्यांना बाशिंगं बांधलेली, बॉनेटवर झूल म्हणून माझं हिरवं लुगडं. व्यंकटराव पाटील डोळे वटारून बघत राहिले. पाटलांना मान द्यावा म्हणून ह्यांनी भोंगा वाजवला. झालं! तोरण तोडून बैल घरी सोडायचे असतात, पण त्याच्या आधीच अख्ख्या गावचे बैल उधळले आणि जो तो आपापल्या घरी पळाला. मागं माणसं धोतरं सावरत धावली. पाटील तर पारावर बसून हसायला लागले, ते थांबेचनात.

मोटार दारात आली. मी चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि पुरणपोळी हातात धरून अडले. हिचं तोंड कुठलं समजायचं? शेवटी पोळी बॉनेटवर ठेवली आणि हात जोडले.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला घुंगरं वाजली. अंगावर परक्याच्या झुली, तुटलेली दावी लोंबतायत, असे हौश्या आणि पाखऱ्या थेट दारात येऊन उभे राहिले. पाखऱ्यानं मान लांबवली आणि बॉनेटवरची पोळी उचलली.

मागून मोहनसिंग धापा टाकत आला. वाडीचं तोरण तुटल्याबरोबर जोडी सुटली ती इकडंच, म्हणाला, आणि ओशाळून त्यानं दाव्याला हात घातला.

"न्या की, तुमचेच हाईत," मी म्हणाले. "पण म्या आवतन दिलं हाय त्यायला. जेवल्याबिगर न्हाई जायचे."

मोहनसिंग दावं सोडून ओसरीवर टेकला. मी हौश्याची पोळी आणायला आत वळले, तेव्हा हे बॉनेटवरचं माझं लुगडं काढून पाखऱ्याची घामेजली पाठ पुसत होते.