बटण सोड

आमच्या हौशी रेडिओ मंडळात स्वतः बांधलेला सेट पुरा झाला की माणसाचा आवाज घशातून निघतो आणि सेटमध्ये जाऊन बसतो. परत येत नाही. याचं कुणाला काही वाटत नाही. मंडळ चालवणाऱ्या मगदूम सरांचा आवाज बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून येतो, पत्रावळे मॅडमचा जुन्या स्टॅबिलायझरच्या खोक्यातून, आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या नबीलालचा मिक्सरच्याच बॉडीतून. सेट पट्ट्याने गळ्यात अडकवायचा, बटण दाबायचं, मनात बोलायचं, की सेट बोलतो. तोंड मोकळंच राहतं. रविवारी दुपारी सुताच्या दुकानावरच्या खोलीत मंडळ जमतं तेव्हा सगळे भडंग खातात आणि खाता खाता बोलतात. एक शब्द घासात अडकत नाही.

त्यांचा आवाज लांब जातो. नबीलाल एकदा विशाखापट्टणमच्या कुणा नावाड्याशी तासभर मासे कसे तळावेत यावर बोलला. मला लांब जायचं नव्हतं. मला माझा आवाज घरी ठेवायचा होता.

आमचे वडील, आबा, आंधळे झाले तेव्हापासून माझ्या आवाजावर जेवतात. मी "आबा, घास" म्हटलं की तोंड उघडतं. दुसरं कुणी म्हटलं की जबडा मिटतो आणि पक्कड लावली तरी उघडत नाही. हात कुणाचाही चालतो. माझी थोरली बहीण अक्का भरवते. पण आवाज माझाच लागतो. म्हणून मी दुकानात मागाच्या मोटारीची तार अर्धी गुंडाळून टाकतो, सायकल मारत घरी येतो, उशाशी उभा राहतो आणि प्रत्येक घासाला बोलतो. तिकडे माग बंद पडलेला असतो आणि मालक फोनवर माझी आई काढत असतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. इचलकरंजी सोडून मी कुठे गेलेलो नाही. लग्नाला गेलो नाही, मयताला गेलो नाही. माझं स्वतःचं लग्नही त्यातच राहिलं.

"तुझा आवाज ठेव सेटमधे उशाला, बटण मी दाबीन," अक्का म्हणाली, "आन् तू जा खुशाल कुठं जायचं तिकडं. तुझ्या थोबाडाची कुणाला गरज हाय?"

म्हणून मी मंडळात गेलो.

कॉइल मी गुंडाळली ती हाताने, मोटार भरतो तशी, तारेला तार चिकटवून. नबीलाल येऊन बघायचा. त्याचा मिक्सर म्हणायचा, "सातापा, रेडिओ करतोयस का पाच घोड्याची मोटार? सुरू झाल्यावर विहिरीतलं पाणी येईल बघ." पत्रावळे मॅडम हायस्कूलला गणित शिकवतात. त्यांचं खोकं म्हणालं, "कॉइल सुंदर आहे हो. फक्त हवेत बोलताना जरा शब्द सांभाळा. तिथे सगळे ऐकत असतात." असं त्या मलाच सांगतात. नबीलालला सांगत नाहीत, कारण तो नावाड्याशी इंग्रजीत बोलतो.

आमच्याकडे एक डमी आहे. डमी म्हणजे रंगाचा रिकामा डबा. त्यात ट्रान्सफॉर्मरचं तेल भरलेलं असतं आणि तेलात एक रेझिस्टन्स बुडवलेला असतो. नवा सेट थेट एरियलला जोडायचा नाही, आधी डमीला जोडायचा, म्हणजे त्याची ताकद हवेत न जाता तेलात जिरते. बिघाड असला तर गावभर होत नाही. त्यामुळे मंडळाची एक रीत पडली आहे. डमीवर माणसाने पोटातलं बोलावं. ते कुठेच जात नाही. बोलून झालं की बटण सोडायचं, सर वायर डमीतून काढून एरियलला लावतात, आणि मग आवाज सेटमध्ये कायमचा बसतो. नियम एकच. बटण दाबलेलं असताना वायर काढायची नाही.

त्या रविवारी मी सेटला कथलाचा शेवटचा डाग दिला. सरांनी माझा सेट डमीला जोडला. मी बटण दाबलं.

"टेस्टिंग," मी म्हणालो. "आबा, घास."

"मीटरचा काटा हलंना," सरांचा डबा म्हणाला. "पोटातून बोल, सातापा. तेलाला काय लाज न्हाई."

मग मी बोललो. मालकांबद्दल बोललो. एकेकाचं नाव घेऊन, त्यांच्या कुळासकट. काटा वर चढला. मॅडमबद्दल बोललो, त्या समोर बसल्या होत्या तरी. त्यांच्या खोक्याला काही ऐकू येत नव्हतं, कारण सगळं तेलात जात होतं आणि माझे नुसते ओठ हलत होते. काटा अजून वर गेला. सर खूश झाले. "एवढं रीडिंग कुणाचंच नव्हतं," डबा म्हणाला. सरांबद्दल बोललो. सर चुका करतात आणि त्यांना प्रयोग म्हणतात. अक्काबद्दल बोललो. ती सासरहून परत आली ते बापासाठी, असं तिने जगाला सांगितलं आहे, त्याबद्दल. डब्यातून वाफ यायला लागली. पोटात एवढं आहे हे मलाच माहीत नव्हतं. उपसावं तेवढं येत होतं.

"बास," सर म्हणाले. "आता बटण सोड."

मला सोडवेना. राहिलं होतं एक. मी आबांवर आलो.

"बटण सोड," सर म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने वायरकडे गेला.

मी म्हणालो, "हा म्हातारा एकदाचा—"

सरांनी वायर उपटली. माझ्या सेटमध्ये टप् असा आवाज झाला. ट्रान्झिस्टर फुटला होता. जळलेल्या शेंगदाण्यासारखा वास आला.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. मेलेल्या सेटचं बटण दाबलं. काही आलं नाही. नबीलालने डमीच्या डब्याला कान लावला आणि कान भाजून घेतला.

"ह्यात हाय," त्याचा मिक्सर म्हणाला. "सगळा ह्यातच राहिलाय गडी."

मी घरी गेलो. अक्काने दुधात भाकरी कुस्करली होती. आबा उशीला टेकून बसले होते, मान माझ्या पावलांकडे वळवून.

"सातापा?" ते म्हणाले.

मी "आबा, घास" म्हणालो. म्हणजे ओठ हलवले. आबांचा जबडा मिटला.

अक्काने माझा आवाज काढून बघितला. शेजारच्या पोराकडून काढून घेतला. शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आबा, त्योच हाय, घसा बसलाय त्याचा." आबांनी तोंड भिंतीकडे केलं. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पुन्हा ओठ हलवले. तेवढ्यात नबीलाल स्कूटरवर आला, दारातूनच बटण दाबून ओरडला, "सातापा, गप बस की! तू हितं तोंड हलवलंस की तिकडं तेल उकळतंय. टेबल जळालं निम्मं."

तेव्हापासून मी तोंड मिटून बसलो आणि आबाही तोंड मिटून बसले. समोरासमोर. अक्का दोघांच्या मधे वाटी घेऊन. आबांच्या गालांची वाटी व्हायला लागली. त्यांचं सदऱ्याबाहेरचं मनगट रोज बारीक व्हायचं. आधी तांब्याच्या जाड तारेएवढं होतं, मग पातळ तारेएवढं. धरलं तर वाकेल असं. अक्का त्यांना धरून कूस बदलायची ती दोन बोटांनी.

"आज न्हाई जेवला तर गुंडाळून ठेवायची पाळी येईल," ती म्हणाली. ती रडत नव्हती. खरंच सांगत होती.

मी मंडळात गेलो. फळ्यावर सर्किट काढलेलं होतं. त्याच्या खाली मी खडूने लिहिलं, डबा द्या.

सगळ्यांनी ते वाचलं. मग मगदूम सरांनी बटण दाबलं. "नाही जमणार, सातापा. आत तू काय काय बोललायस ते आम्हाला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. पण झाकण निघालं आणि ते हवेत गेलं, तर सगळ्यांचं लायसन जाईल. शिवीगाळ चालत नाही हवेत."

मी लिहिलं, बाप मरतोय.

"त्याचं वाईट वाटतं," मॅडमचं खोकं म्हणालं. "पण नियम सगळ्यांना सारखा असतो."

त्यांच्या सेटचा आवाज फार स्वच्छ आहे.

मी डबा उचलला. तो अंगापेक्षा जड होता. पोटाशी धरला तर सदऱ्यातून चटका बसला. सगळे एकदम ओरडले, आणि एकाच वेळी ओरडल्यामुळे सेटमधून नुसती लांब शिट्टी आली. मला धरायला पुढे आले तेव्हा त्यांना बटणावरचा हात काढावा लागला, आणि मग ते मुके झाले. ओरडावं तर धरता येईना, धरावं तर ओरडता येईना. मी जिना उतरलो.

रस्त्याने ते माझ्या मागून आले. दोन्हीकडे माग चालू होते, खटखट खटखट, कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. लोकांना वाटलं काहीतरी वर्गणी चालली आहे. माझ्या मनात काही आलं की डब्यात बुडबुडा फुटायचा आणि पोट भाजायचं, म्हणून मी काही मनात येऊ न देता चालत होतो. फक्त कॉइल मोजल्यासारखी पावलं टाकत होतो.

घरी आल्यावर मी डबा उशाशी ठेवला आणि झाकण काढलं. आवाज आला नाही. तेल होतं, काळपट, निवत आलेलं. एक घोट प्यायलो. कडू लागलं, पण घशात काही बसलं नाही. मग बोट बुडवून एक थेंब कानात सोडला.

"टेस्टिंग," माझा आवाज कानात म्हणाला.

म्हणजे पहिलं बोललेलं वर होतं. शेवटचं तळाला. मी पुन्हा बोट बुडवणार होतो, पण थांबलो. पुढचा थेंब कुठला ते मला माहीत होतं. तो वाया घालवायचा नव्हता.

आबा डोळे मिटून पडले होते. आता ते उशीपेक्षा जाड नव्हते. अक्काने कापसाची वात वळली. लहानपणी आमचा कान दुखला की आबा अशीच वात करून कोमट तेल सोडायचे. मी वातीचं एक टोक तेलाला लावलं, अगदी वरवर, आणि दुसरं आबांच्या कानात ठेवलं. तेल वातीतून चढताना दिसत होतं.

आबांची मान हलली. त्यांचं तोंड उघडलं.

अक्काने वाटी माझ्या हातात दिली आणि तोंडात पदर कोंबला. मी घास भरवला. आबांनी चावला. गिळला. त्यांच्या मनगटात जरा जाडी आली. पुन्हा तोंड उघडलं, मी दुसरा घास दिला.

"जेवलं!" अक्का म्हणाली. "ए जेवलं रं! काढ ती वात."

मी वात काढायला गेलो. निघेना. कानाने ती धरली होती. तेल चढतच होतं, डब्यात पातळी खाली चालली होती, उताराला लागलेल्या पाण्यासारखी. मी डबा बाजूला ओढला. वात तेवढी लांब झाली. डबा दारापर्यंत ओढला, वात दारापर्यंत आली. दारात मंडळ उभं होतं.

"बटण सोड!" मगदूम सरांचा डबा ओरडला. "सातापा, बटण सोड!"

कुठलं बटण? माझ्या हातात दुधाची वाटी होती.

आबांनी चावणं थांबवलं. तोंडातला घास जिभेने गालात सारला आणि ते बोलायला लागले. माझ्या आवाजात. मालकांची नावं घेतली, एकेकाची, कुळासकट. दारातल्या नबीलालला हसू आलं. मग मॅडमची पाळी आली, आणि मॅडमने बटण दाबलं, पण त्यांच्या खोक्यातून काही आलं नाही. मग सर. सरांनी डोळे खाली घातले. गल्लीतले लोक खिडकीला आले. मग अक्का. ती आबांच्या पायाशी बसून होती. माझा आवाज आबांच्या तोंडातून तिच्या सासरचं सांगत होता, ती ऐकत होती, आणि तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी वाटीत घास कालवला. घास मोठा केला, तोंड भरेल एवढा. हातात घेतला.

डब्याचा तळ दिसायला लागला होता. तेवढ्यात लाइट गेली आणि गावातले सगळे माग एकदम थांबले. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. शेवटचं तेल वातीतून चढत होतं. मी घास घेऊन आबांवर वाकलो.

"हा म्हातारा एकदाचा," आबा माझ्या आवाजात म्हणाले.

डबा कोरडा झाला. वात गळून पडली. आबांचं तोंड उघडंच राहिलं. दारात सगळ्यांनी बटणांवरचे हात काढले होते. आबांनी मान माझ्या श्वासाकडे वळवली आणि तोंड तसंच उघडं धरून ते थांबले.