बंदुकीची माशी

सटवाजी निजामाच्या पलटणीत अठरा वर्षं शिपाई होता. सोनपेठजवळच्या त्या गावात बंदूक चालवता येणारा तेवढा एकच माणूस. बंदूकही एकच, पार्वतीबाईच्या सासऱ्यानं पलटणीतून आणलेली, एका वेळी एकच गोळी घेणारी जुनी मार्टिनी. ती कित्येक वर्षांत कुणी उडवलीच नव्हती. चैतात रझाकारांची टोळी नदीच्या वाटेनं आली तेव्हा सटवाजीनं वेशीवरून पुढच्या घोड्याच्या छातीवर नेम धरला. गोळी घोड्यावरून निघून गेली. बार ऐकून टोळी परतली, गाव वाचलं. पण धुरळा बसला आणि टोळीच्या मागच्या टेकाडावर गुरं राखणारा बन्सीधर त्याच गोळीनं मरून पडलेला दिसला. पार्वतीबाईचा एकुलता एक पोरगा, विशीतला.

म्हाताऱ्याचा हात थरथरला, असा निकाल पारावर लागून गेला. ज्यांनी त्या दिवशी कणगीत दडी मारली होती, तेच यात पुढं. बोलणाऱ्याचं तोंड एक वेळ धरता येतं; पार्वतीबाई तर बोललीच नाही. एरवी भावजी म्हणून हाक मारणारी ती बाई त्याला पाहिलं की वाट बदलायची. सटवाजीला अन्न गोड लागेना. आपला हात हलला नव्हता हे त्याला ठाऊक होतं, पण त्याला साक्षीदार कुठून आणायचा?

आषाढात टोळी पुन्हा फिरायला लागल्याची खबर आली. बंदूक आता तरण्या चंद्रभानकडं द्यायची, असं किशनराव पाटलांनी ठरवलं; त्याआधी मुंजाजी लोहारानं ती तपासावी म्हणाले. मुंजाजीला नांगराचा फाळ कळायचा, बंदूक नाही. शेवटी झक मारत सटवाजीलाच बोलवावं लागलं.

उघडीप बघून दोघांनी पडक्या मातीच्या भिंतीवर चुन्याचा ठिपका काढला आणि वाळूच्या पोत्यावर नळी टेकवली. सटवाजीनं तीन बार काढले. तिन्ही गोळ्या ठिपक्याच्या हातभर वर, एकीला एक चिकटून बसल्या. हात थरथरत असता तर त्या विखुरल्या असत्या. त्यानं नळीच्या टोकावर नेम धरायला असलेल्या माशीवरून बोट फिरवलं. माशी निम्मी झिजली होती. ती बुटकी झाली की नेम जुळवायला नळी वर उचलावी लागते, आणि गोळी वरून जाते.

"माझा हात चुकला न्हाई, मुंजाजी," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका आवरेना.

"कुणीतरी घासून घासून खाल्लीय ही," मुंजाजी म्हणाला, आणि बोलता बोलताच थांबला.

कुणी घासली हे साऱ्या गावाला माहीत होतं. नवरा वारल्यापासून दर खंडेनवमीला, पूजेच्या आधी, पार्वतीबाई विटकरीच्या भुकटीनं बंदूक लखलखीत करायची. टोकाला गंज धरतो म्हणून तिथं जोर जास्तच. मग बन्सीधर नळीला कुंकू लावायचा.

सटवाजीनं डोळे पुसले आणि बंदूक मुंजाजीच्या हातात दिली. मग म्हणाला, "पितळंची बसव."

मुंजाजीनं भट्टी पेटवली आणि वितळलेल्या कथलाचा डाक देऊन माशीवर पितळेचा तुकडा चढवला. तो मुद्दाम उंच ठेवला होता. गोळी खाली लागली की कानस मारून जरासा उतरवायचा. पाचवी गोळी ठिपक्यात बसली.

बार ऐकून पाटील, चंद्रभान आणि चार माणसं आली. मागून पार्वतीबाईही आली. बंदूक तिची होती. तिनं चमकणाऱ्या पितळेकडं पाहिलं आणि दोष कशाचा होता म्हणून लोहाराला विचारलं. मुंजाजीनं तोंड उघडलं. सटवाजीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"बंदूक चांगली हाय, वैनी. माशी बारीक, माझ्या डोळ्याला दिसली न्हाई. चंद्रभानला सोपं जावं म्हणून मोठी बसवलीय."

पार्वतीबाई चैतानंतर पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "दिसत नव्हतं तर हातात घेतलीच कशाला, भावजी?"

"चुकलं माझं."

ती लेकराचं नाव घेऊन रडायला लागली. पोरगा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता, असं बायका सांगत. ती त्याला घालूनपाडून बोलत राहिली, आणि सटवाजी मान खाली घालून तिचं सगळं ऐकत उभा राहिला.