खोक्याच्या पोटातला पासपोर्ट

मी खोका बोलतोय. हो हो, पुठ्ठ्याचाच. लगेच नाक मुरडू नका. मी दुहेरी जाडीचा, कमरेइतका उंच, आणि जन्मापासून एकाच कामासाठी नेमलेला: अमेरिकेतून बोटीत बसायचं आणि फिलिपिन्सला उतरायचं. मराठी कुठून शिकलो म्हणाल, तर शैलजाकाकूंच्या हॉलमध्ये तीन आठवडे मुक्कामाला होतो. त्या तीन आठवड्यांत काकूंच्या तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती.

परदेशात राबणारी फिलिपिनो माणसं घरी खोके पाठवतात. खोलीच्या कोपऱ्यात आमच्यासारखा एक उभा करायचा आणि महिनोन् महिने एकेक वस्तू आणून आत टाकायची. साबण, टूथपेस्ट, टॉवेल, चॉकलेटं, डबाबंद मांस. हात शिरेल एवढी जागा उरली तरी त्यांना चैन पडत नाही.

मला २००६ साली मारिसेलनं आणलं. ओहायोतल्या डब्लिन गावात. ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची नर्स. एजंटानं तिला हॉस्पिटलातली नोकरी कबूल केली होती आणि लावलं मात्र वृद्धाश्रमात, रोज दोन-दोन पाळ्या. राहायला दोन खोल्या आणि त्यात सहा जणी. सगळ्यांचे पासपोर्ट एजंटाच्या ड्रॉवरमध्ये, म्हणे सुरक्षित राहावेत म्हणून! कुणी मागितलाच, तर तो गोड हसून विचारायचा, "कशाला हवाय? पळून जायचंय का? पोलीस धरून परत पाठवतील हं." केवढी ती काळजी मेल्याला!

पण खरं सांगू? त्या दोन खोल्यांतल्याइतकं हसणं मी दुसरीकडे ऐकलं नाही. सहा जणी भात शिजवताना गायच्या, भांडी घासताना गायच्या, आणि एकीला रडू आलं की बाकीच्या पाच जणी तिची नक्कल करून तिला हसवायच्या.

मारिसेलची मुलगी अनालिन दहा वर्षांची, तिकडे आजीपाशी. ती दर वर्षी कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद आईला पाठवायची. मारिसेल तो कागद घेऊन बुटांच्या दुकानात जायची. आता बघा, कागद यायला तीन आठवडे, खोका पोचायला दोन-अडीच महिने, आणि पोरीचे पाय का थांबणार आहेत? बोटभर मोठे घेतले तरी बूट आखूडच व्हायचे. त्या वर्षी लाल बूट घेतले होते. माझ्या तळाशी ठेवले तेव्हा मारिसेलनं त्यांचा मुका घेतला. मी पाहिलं, पण कुणाला बोललो नाही.

खालच्या मजल्यावर शंतनू राहायचा, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. शैलजाकाकू त्याची आई, सहा महिन्यांसाठी आलेल्या. कपडे धुवायच्या मशीनपाशी काकूंची आणि मारिसेलची गाठ पडली. काकूंचं इंग्रजी जेमतेम, पण त्यानं काकूंचं कधी काही अडलंय का! मारिसेल त्यांना 'टीटा' म्हणू लागली. त्यांच्याकडे मावशीला टीटा म्हणतात. ड्रॉवरमधल्या पासपोर्टांची गोष्ट काकूंना तिथंच कळली आणि संध्याकाळी जेवताना शंतनूला.

"आई, हे इल्लीगल आहे," तो म्हणाला. "माझा पासपोर्ट माझ्या कपाटात असतो, कंपनी त्याला हात लावू शकत नाही. आपल्या मंडळात एक लॉयर आहेत, त्यांची अपॉइंटमेंट घेतो. हॉस्पिटलची नोकरीही मिळेल, मग मुलीलाही आणता येईल. फक्त पासपोर्ट हातात हवा यार. नाहीतर नव्यासाठी कित्येक महिने लटकेल ती, आणि तोवर तो एजंट तिला कुठे धाडेल याचा नेम नाही."

अपॉइंटमेंट ठरली तीन आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी नऊला.

मारिसेल दिसायला गरीब, पण डोकं काय चालतं तिचं! एजंटाला म्हणाली, ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. त्यानं तासाभरासाठी दिला. तिनं घरी येऊन तो सरळ लाल बुटाच्या टोकात कोंबला, वर मोजा खुपसला आणि एजंटाला फोन करून सांगितलं, "ऑफिसनंच ठेवून घेतला."

दुसऱ्या दिवशी स्वारी खोलीत हजर! गाद्या उलटल्या, कपाटं उपसली. माझ्यात हात घातला तेव्हा माझी काय अवस्था झाली ते मलाच ठाऊक. वर साबण, खाली टूथपेस्ट. तो वैतागला आणि जाता जाता मला एक लाथ घालून गेला. तो पोचा आजही माझ्या डाव्या कोपऱ्यात आहे. त्याच दुपारी मारिसेलनं मला ओढत काकूंकडे नेऊन ठेवलं. "टीटा, वर जागा नाही," एवढंच म्हणाली. पासपोर्टचं तिनं मुद्दाम सांगितलं नाही. एजंट विचारायला आलाच, तर काकूंना खोटं बोलावं लागू नये म्हणून. शुक्रवारी सकाळी तो गुपचूप काढून घ्यायचा आणि मला शनिवारी रवाना करायचं, असा तिचा बेत.

इथंच घोळ झाला.

काकूंच्या घरी कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. शेजारणीनं वाटीभर खीर दिली तर वाटीत निदान चार साखरफुटाणे घालूनच ती परत करायची. आणि मी तर वीतभर रिकामा! माझ्याकडे बघून काकूंचा जीव तुटायचा. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, खोके नेणाऱ्या ड्रायव्हरचा फोन आला, की शनिवारऐवजी खोका आजच न्यायला येतो. मारिसेल कामावर. काकू स्वतःशीच म्हणाल्या, "पोरगी दोन-दोन पाळ्या करून दमते. एवढं तरी आपण करू." मग चिवडा आला, लाडू आले, पुण्याहून आणलेल्या गोड्या मसाल्याचा आख्खा पुडा आला. वरून चिकटपट्टीचे सहा वेढे.

मी आतून ओरडत होतो. काकू, अहो काकू, बुटात बघा! पण पुठ्ठ्याचं ऐकतंय कोण? अकरा वाजता मी ट्रकमध्ये होतो.

पुढचं मला नंतर काकूंच्याच तोंडून कळलं. तीन वाजता मारिसेल आली, हॉलचा कोपरा रिकामा दिसला आणि तिनं काकूंना बुटातल्या पासपोर्टचं सांगून टाकलं. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "मी हे काय करून बसले गं! तुझ्या भल्यासाठी करायला गेले आणि तुझंच नशीब बांधून पाठवून दिलं!" मारिसेलच रडता रडता त्यांची समजूत घालत होती. मग काकूंनी डोळे पुसले आणि शंतनूला फोन लावला. "असशील तसा नीघ."

"आई, मीटिंगमध्ये आहे..."

"मीटिंग गेली खड्ड्यात!"

त्यानं मीटिंग कॅन्सल केली.

गोदाम पाचला बंद व्हायचं आणि पहाटे ट्रक बंदराकडे निघायचा. तिघं पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. आत माझे तीनशे भाऊबंद, एकाच रंगाचे, छतापर्यंत रचलेले, नावाच्या चिठ्ठ्या भिंतीकडे. गोदामाचा म्हातारा मॅनेजरही फिलिपिनो. पासपोर्ट म्हटल्यावर त्यानं हातातल्या किल्ल्या परत खिशात टाकल्या. पण शोधणार कसा? शंतनू आणि मारिसेल एकेक खोका फिरवू लागले.

काकू मात्र मधोमध उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि नाक वर केलं. दोन पावलं पुढे, एक डावीकडे. मॅनेजर बघतच राहिला.

"शंतनू! हा! हा माझा मसाला! दगडफूल जास्त पडलंय या खेपेला, मी म्हटलं नव्हतं?"

मी चौथ्या रांगेत होतो. माझं झाकण टराटरा फाडलं. फार लागलं, पण तक्रार नाही. लाडू बाहेर, साबण बाहेर, लाल बूट बाहेर, मोजा बाहेर आणि पासपोर्ट! मारिसेलनं तो छातीशी धरला, मग काकूंना धरलं. मॅनेजर लाडू खात खात डोळे पुसत होता.

शुक्रवारी वकीलबाईंनी पासपोर्ट उघडला आणि म्हणे आधी हुंगला. "आमटी केली होती का?" त्यांच्या एका पत्रानं एजंटाचा ड्रॉवर उघडला आणि उरलेल्या पाच जणींचेही पासपोर्ट परत आले. मारिसेलला हॉस्पिटलात नोकरी लागली. यथावकाश अनालिनचे कागद पुढे गेले.

माझं म्हणाल, तर फाटका खोका बोटीवर घेत नाहीत. सामान दुसऱ्या खोक्याच्या पोटात गेलं. मला वाईट वाटलं, का नाही वाटणार? समुद्र बघायचा राहिला तो राहिलाच. पण मारिसेलनं मला टाकलं नाही. नव्या घरात कपाटाशेजारी ठेवलं आणि पावलांचे सगळे कागद माझ्यात जपले.

२००८च्या उन्हाळ्यात अनालिन आली. बारा वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली. पायात त्याच वर्षी पाठवलेले निळे बूट, टाचा दुमडून चपलांसारखे घातलेले. मारिसेलनं त्या टाचा पाहिल्या. मग तिनं माझं फाटकं झाकण जमिनीवर पसरलं आणि त्यावर मुलीला अनवाणी उभं केलं. पेन्सिल तिच्या पावलाभोवती फिरताना माझ्या अंगावरून फिरत होती. अनालिनला गुदगुल्या होत होत्या.

आता मला कुठे जायचं राहिलेलं नाही. मायलेकींनो, एकच मागणं आहे. घर बदलाल तेव्हा मला खुशाल रद्दीत द्या, पण ते झाकण तेवढं कापून ठेवा.

संध्याकाळी दोघी दुकानात जाऊन आल्या, तोच पुण्याहून काकूंचा फोन. दारातच कान लावून बसल्या होत्या की काय कोण जाणे! पहिला प्रश्न हाच, "काय गं, बूट बसले का?"

"बसले, टीटा," मारिसेल म्हणाली. "या वेळी बरोबर बसले."