मी, शर्मिलाताई आणि मर्यादवेल

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेऱ्याची तीन पायांची घडवंची म्हणा ना! लग्नात, सभेत तुम्ही माझे भाऊबंद पाहिले असतील. लोक कॅमेऱ्याकडे पाहून हसतात. खाली कोण उभे आहे, ते कुणी पाहत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या एकात एक बसवून माझे पाय केले, त्यांना रबरी टाचा लावल्या. पुढे पुण्यातल्या एका दुकानातून शर्मिलाताईंनी मला कसबा पेठेतल्या आपल्या घरी आणले. त्या टपाल खात्यात नोकरीला होत्या. फुलांचे फोटो काढणे हा त्यांचा जुना छंद. सुट्टीच्या सकाळी सिंहगडाच्या वाटेवरची सोनकी, नाहीतर कुणाच्या कुंपणावरची गोकर्ण टिपायला त्या निघत. वर्षातून एकदा हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाबरोबर कोकणात जात.

खरे सांगायचे तर मला फारसे काम नव्हते. ताईंचा हात फार स्थिर होता. "याचं उगाच ओझं होतं," असे त्या म्हणत. एकदा मात्र त्यांनी मला समुद्राच्या खडकांवर उभे केले. लाट माझ्या अंगावरून गेली, तरी मी कॅमेरा हलू दिला नाही. त्या फोटोचे प्रदर्शनात कौतुक झाले. मी मात्र न धुता, न पुसता पिशवीत गेलो. खारे पाणी आणि वाळू सांध्यांत सुकली, माझा एक पाय आतच अडकला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

काही वर्षे गेली. ताई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. पाय सावरले, पण उजवा हात थरथरू लागला. फोटो काढायला गेल्या की जास्वंदीची तांबडी धूसर रेघ उमटे. मंडळाचे चिटणीस शुभंकर यांचा फोन आला. ते मायेनेच बोलले.

"ताई, आता कोकणच्या सहलीची दगदग नको. यंदा तुम्ही प्रदर्शनाच्या परीक्षक व्हा. फोटो आम्ही काढतो."

"परीक्षक व्हायला मी अजून म्हातारी झालेले नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मग यजमानांना, सीतारामकाकांना, हाक मारली. "अहो, माळ्यावरचा तो ट्रायपॉड काढा जरा."

सीतारामकाकांनी मला खाली काढले. अडकलेला पाय ओढून पाहिला. "हा तर तुझ्याहून हट्टी आहे. नवीन आणू."

"नको. याला मीच असा केलाय."

ताई माझ्यासमोर फरशीवर बसल्या. डाव्या हाताने धरत, उजव्या हाताने दातांच्या जुन्या ब्रशने सांधे घासत. ब्रश हातातून निसटे. त्या तो पुन्हा उचलत. कोमट पाणी, शिलाई मशीनचे तेल, पुन्हा पाणी. काका मदतीला आले, की "तुम्ही पेपर वाचा" म्हणत. शेवटचा स्क्रू तेवढा त्यांनी काकांकडून काढून घेतला. एका दुपारी माझा पाय कुरकुरत बाहेर आला. ताईंनी तो आत-बाहेर करून पाहिला आणि लगेच शुभंकरना फोन लावला. "दिवेआगरच्या बसमध्ये दोन जागा ठेवा."

दिवेआगरला सकाळी मंडळी पाण्याजवळ पांगली. ताई मात्र वाळूच्या उंचवट्याशी थांबल्या. तिथे मर्यादवेल पसरली होती. तिची जांभळी फुले सकाळी उमलतात आणि ऊन चढले की मिटतात. ताईंना एकच फूल हवे होते, मागे समुद्र असलेले. त्यांनी माझे पाय पार फाकवून मला जमिनीलगत बसवले, कॅमेरा वर चढवला आणि लांब वायरचे बटण हातात घेतले. आता हात थरथरला तरी कॅमेरा हलणार नव्हता.

पण वारा होता! फूल सारखे डोलत होते. एक फोटो बिघडला, दुसरा बिघडला. मग मोजायचे त्यांनी सोडून दिले. काकांनी पंचा ताणून आडोसा केला.

"अगं, नाश्ता थंड होतोय."

"नाश्ता गरम करता येतो. फूल मिटलं तर उघडता येत नाही."

ऊन चढू लागले. पाकळ्यांच्या कडा आत वळू लागल्या. माझा एक पाय भुसभुशीत वाळूत खचत होता. मी उरलेल्या दोन पायांवर जोर दिला. ताईंचा अंगठा बटणावर थरथरत होता, पण नजर फुलावरून हटली नाही. अचानक वारा पडला. क्लिक!

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फुलाची शीर न् शीर स्पष्ट होती. मागे निळा समुद्र. काकांनी पंच्याने आपले डोळे पुसले आणि म्हणाले, "वाळू गेली डोळ्यांत." शुभंकर फोटो पाहायला वाकले. "ताई, मी चुकलो," एवढेच बोलले.

तो फोटो आता एका फिजिओथेरपी केंद्राच्या भिंतीवर आहे. तिथे ताई व्यायामाला जातात. लातूरकडून येऊन भोसरीच्या कारखान्यात राबलेले उत्तरेश्वर नावाचे गृहस्थही तिथे येतात. त्यांची बोटे उचलली जात नाहीत. काल फोटोपुढे उभे राहून त्यांनी विचारले, "बाई, मला जमंल का हे?"

"उद्या सांगते," ताई म्हणाल्या. आज त्यांनी मला सोबत आणले आणि अंगणातल्या झेंडूच्या कुंडीसमोर उभे केले. उत्तरेश्वरांनी दात आवळून बटण दाबले. फोटोत वरची पाकळी कापली गेली.

"परत," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी माळ्यावर पडले असेल. त्याला खाली काढा, स्वच्छ करा, तेलपाणी करा. आणि ज्याचा हात थरथरतो, त्याच्या हातून वस्तू काढून घेऊ नका. त्याला टेकू द्या. आता मात्र मला बोलणे आवरले पाहिजे. उत्तरेश्वरांनी पुन्हा बटणावर अंगठा ठेवला आहे, आणि मला हलून चालणार नाही.