तिसऱ्या सत्रातलं शून्य

घरात तिला धाकटी म्हणायचे आणि ऑफिसात स्वल्पविराम. दुसरं नाव तिनं स्वतः कमावलेलं. विशेष शाळा कशा चालवाव्यात, त्यांच्या मुख्याध्यापकांनी काय करावं, याविषयीच्या एका त्रैमासिकात ती कार्यकारी संपादक होती. प्राध्यापक मंडळी एकेक वाक्य पाच ओळींचं करून पाठवायची आणि त्या वाक्यांना श्वास घ्यायला जागा करून देणं हे तिचं काम. वाचक मोजकेच, पण एकजात खडूस. संदर्भातलं एखादं साल चुकलं तरी तक्रारीचं पत्र यायचं.

त्रैमासिकाला चाळीस वर्षं होत होती. मुख्य संपादकांनी, म्हणजे सरांनी, ठरवलं की ज्यांचे दाखले सगळ्यांत जास्त दिले जातात असे पाच जुने लेख विशेषांकात पुन्हा छापायचे. पहिला कोणता, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तेहेतीस वर्षांपूर्वी एका विशेष शाळेच्या मुख्याध्यापिकेनं लिहिलेला तो लेख. शाळा हाताबाहेर गेली होती. बाईंनी एक नियम केला आणि एक खोली ठेवली. चिडलेल्या मुलाला त्या ‘शांत खोली’त बसवायचं, शांत झालं की बाहेर काढायचं. वर्षभरात शाळा ताळ्यावर आली, असं लेख सांगत होता. त्या लेखावर मुख्याध्यापकांचे प्रशिक्षणवर्ग उभे राहिले आणि कितीतरी शाळांनी तशा खोल्या बांधून घेतल्या. बाई पुढे संचालक झाल्या, निवृत्त झाल्या, तरी या क्षेत्रातले सगळे त्यांना अजून ‘मोठ्या बाई’च म्हणायचे.

सोळा वर्षांच्या नोकरीत धाकटीनं तो लेख एकदाही उघडला नव्हता. ती शाळा तिनं आतून पाहिली होती.

तिची ताई त्या शाळेत होती. ताई चार वर्षांनी मोठी. बोलत नाही, तेव्हाही बोलत नव्हती. पण दोघींची एक खूण होती. टेबलावर, भिंतीवर, एकमेकींच्या पाठीवर बोटाच्या पेरानं ठोकायचं. टक टक, जरा थांबून, टक. ‘मी इथं आहे’ असा त्याचा अर्थ, निदान धाकटीनं तरी तसा लावला होता.

बाबा ताईला आणायला जायचे तेव्हा धाकटीही सोबत असायची. ती सात वर्षांची असताना एकदा बाबा शाळेच्या ऑफिसात कसल्याशा कागदावर सही करत होते आणि ती बाहेरच्या बोळात भिंतीला पाठ लावून उभी होती. समोर जिन्याखाली एक राखाडी दार होतं. त्या दाराच्या आतून आवाज आला. टक टक. टक.

ती दाराकडे निघाली तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. उंच, कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या. तिच्यापुढे गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, “ती सुतारकामाची खोली आहे हं बाळा. मोठी मुलं काम करतायत.” मग त्यांनी खिशातून एक पेन्सिल काढून तिला दिली. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. तशी पेन्सिल तिला कधीपासून हवी होती. तिनं ती घेतली.

सुतारकाम नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी घरी ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. चार महिन्यांनी एका संध्याकाळी बाबांनी ताईचे हात दिव्याखाली धरले, पेरं सुजलेली पाहिली, आणि दुसऱ्याच दिवशी तिचं नाव शाळेतून काढलं. घरात त्यावर पुन्हा चकार शब्द निघाला नाही.

आवाज मात्र धाकटीच्या मागे लागला. कधी वर्ष वर्ष यायचा नाही, मग अचानक ऑफिसातला प्रिंटर दोनदा खटकायचा, थांबायचा, एकदा खटकायचा. नळ तसा गळायचा. एकदा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवी असताना शेजारच्या खोलीतून तसं ऐकू आलं आणि ती तोंडातल्या कापसासकट उठून बसली. डॉक्टर म्हणाले, “दुखलं का?” तिनं होकारार्थी मान हलवली. दुसरं काय सांगणार?

आता लेख उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जुन्या छपाईतला मुख्य तक्ता फिकट झाला होता, तो नव्यानं टाइप करायला हवा होता. एका दुपारी तिनं घट्ट मनानं तो समोर घेतला.

चौदा मुलं, तीन सत्रं. कोणत्या मुलाला कोणत्या सत्रात किती वेळा शांत खोलीत ठेवावं लागलं, त्याचे आकडे. नावं नव्हती, फक्त क्रमांक. ती यंत्रासारखी टाइप करत नवव्या ओळीपर्यंत आली. मुलगी, वय अकरा वर्षं चार महिने, बोलत नाही. पहिलं सत्र अडतीस. दुसरं सत्र एकोणतीस. तिसरं सत्र शून्य. शेवटच्या रकान्यात शेरा होता: ‘दार ठोकण्याची सवय पूर्णपणे थांबली.’

तिचे हात कीबोर्डवरून खाली आले. अडतीस आणि एकोणतीस म्हणजे सदुसष्ट. तिनं ऐकलं होतं ते एकदाच.

मग तिच्यातला संपादक जागा झाला. तिसरं सत्र शून्य कसं? तिसऱ्या सत्रात ताई घरी होती. बाबांनी तिला काढलं ते दुसरं सत्र संपायच्या आत.

विशेषांकासोबत जुन्या कागदांचं छोटं प्रदर्शन होणार होतं. त्यासाठी मोठ्या बाईंनी शाळेच्या रजिस्टरांची दोन खोकी पाठवली होती. ती तिच्याच टेबलाखाली पडून होती. तिनं त्या वर्षाचं रजिस्टर शोधलं, वयांवरून क्रमांकांमागची मुलं ओळखली आणि तारखा लावून पाहिल्या. तक्त्यात तिसऱ्या सत्रात शून्य असलेली मुलं पाच. ती पाचही मुलं त्याआधीच शाळा सोडून गेली होती. शाळेत राहिलेल्या नऊ मुलांचे आकडे तसूभरही कमी झालेले नव्हते, दोघांचे तर वाढले होते. जगभर मिरवलेली ती घट पाच रिकाम्या बाकांची होती.

तिनं रजिस्टर सरांच्या टेबलावर ठेवलं. सर भले गृहस्थ, पण सेवानिवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस वादळाच्या जवळपास फिरकत नाही.

“अगं, तेहेतीस वर्षं झाली,” सर चष्मा काढून म्हणाले.

“मागच्या महिन्यात आलेल्या दोन लेखांत हाच तक्ता आहे, सर. एकात तर नव्या इमारतीत अशा तीन खोल्या ठेवा म्हटलंय.”

“नऊ नंबर तुझी बहीण आहे म्हणतेस. मग तू यात गुंतलेली आहेस. हे तुझ्या हातून होऊ शकत नाही.”

“म्हणूनच तुमच्याकडे आणलं. माझं नाव कुठेही नको. तुम्ही तपासा.”

सरांनी दोन दिवस घेतले, स्वतः तारखा ताडून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी आले, बाईंना पाठवायच्या पत्राचा मसुदा ठेवला आणि म्हणाले, “स्वल्पविराम बघून घे.” तिला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. रिवाजाप्रमाणे पत्राच्या तळाशी कार्यालयाच्या वतीनं तिचं नाव होतं; सवयीचं, म्हणून ते काढायचं दोघांच्याही नजरेतून सुटलं.

उत्तर पत्रानं आलं नाही. दहाव्या दिवशी सरांना फोन आला. “पत्राखाली जिचं नाव आहे, तिला पाठवा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आडनाव ओळखीचं आहे.”

बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, दोन्ही कानांत यंत्रं, उंची मात्र अजून तशीच. त्यांनी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि तिचा चेहरा न्याहाळला.

“धाकटी ना तू? मी तुला पेन्सिल दिली होती.”

“लाल-निळी.”

“तुला ऐकू आलं होतं तेव्हा.”

“हो.”

“मग घरी का नाही सांगितलंस?”

चौतीस वर्षं धाकटी हाच प्रश्न स्वतःला विचारत आली होती, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो पहिल्यांदाच येत होता. बाईंनी तिच्या हातातला ग्लास काढून खाली ठेवला.

“मीही नाही सांगितलं कुणाला,” बाई म्हणाल्या. “तू सात वर्षांची होतीस. मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. हे नीट लक्षात ठेव. मी तुला बोलावलं ते हे सांगायला.”

मग त्या आपणहून बोलू लागल्या. चौदा मुलं आणि तीन शिक्षक. त्यातल्या एका शिक्षकाचं मनगट मोडलेलं. वरून अधिकाऱ्यांचा तगादा, की शाळा चालते हे दाखवा नाहीतर बंद करा. “मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही गं. शून्य होतं, शून्यच लिहिलं. मूलच नव्हतं, तेवढं लिहिलं नाही. आणि मग लोक टाळ्या वाजवायला लागले. पहिल्या टाळीला थांबवायला हवं होतं. शंभराव्या टाळीला माणूस स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागतो.”

“तुम्ही ठेवलात?”

“दिवसा.” बाईंनी एका कानातलं यंत्र काढून तळहातावर धरलं. “ही दोन्ही काढली की मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. घंटा नाही, फोन नाही. तरी ते येतं. माझ्याकडे चौदा जणांचे चौदा आवाज आहेत. तुझ्या बहिणीचा दोन आणि एक.”

धाकटीनं बॅगेतून कागद काढला. ‘लेखातील निष्कर्ष उपलब्ध नोंदींशी जुळत नसल्याने हा लेख मागे घेण्यात येत आहे.’ बाईंनी तो दोनदा वाचला, पेन मागितलं आणि खाली एक वाक्य स्वतःच्या हातानं वाढवलं: ‘ज्या पाच मुलांच्या नावापुढे शून्य आहे ती शाळा सोडून गेली होती, हे मला लिहिताना माहीत होतं.’ मग सही केली. सही अजून ताठ होती.

“ती आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे. आईबाबा गेल्यापासून माझ्याकडे असते.”

“मला तिला एकदा भेटता येईल?”

“नाही,” धाकटी म्हणाली. एवढ्या सहज म्हणाली की तिची तिलाच नवल वाटलं. “तिला हवंय की नको, हे मला कळायला मार्ग नाही. आणि तिच्या वतीनं मी हो म्हणणार नाही.”

बाईंनी मान डोलावली. दारापर्यंत पोचवायला त्या आल्या नाहीत. खुर्चीतच बसून राहिल्या, दोन्ही यंत्रं काढून मांडीवर ठेवून.

घरी ताई पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. ते तिचं काम आणि त्यात कुणी लुडबुड केलेली तिला खपत नाही. धाकटी समोर बसली. “ताई, मला त्या दिवशी ऐकू आलं होतं. मी दाराबाहेरच होते. मी सांगितलं नाही.”

ताईनं वर पाहिलं नाही. एक उशीचा अभ्रा झटकला, कोपऱ्याला कोपरा जुळवला, हातानं सपाट केला. धाकटी थांबली. एखादी खूण, एखादा स्पर्श, अगदी ढकलून दिलं असतं तरी चाललं असतं. ताईनं दुसरा अभ्रा घेतला. पुन्हा कोपऱ्याला कोपरा. धाकटी ढीग संपेपर्यंत तिथंच बसली, मग उठून स्वयंपाकाला लागली. माफी मिळाली की नाही, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळायचं नव्हतं.

विशेषांक चार लेखांचा निघाला. पहिल्या पानावर ती सूचना होती, बाईंच्या वाक्यासह. गदारोळ व्हायचा तो झालाच. दोन प्राध्यापकांनी ‘इतक्या वर्षांनी मढी कशाला उकरता’ म्हणून सरांना झापलं. एका प्रशिक्षण संस्थेनं गुपचूप आपल्या यादीतून लेख काढला आणि आपण तो कधी शिकवलाच नव्हता, असा आव आणला. मोठ्या बाईंनी फोन घेणं बंद केलं. सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी या प्रकरणाचा उल्लेखसुद्धा केला नाही, पण जाताना धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

आणि एका सकाळी ऑफिसात फोन आला. वयस्क बाईचा आवाज, अडखळत बोलणारा.

“तुम्ही ते शाळांचं मासिक काढता ना? मी काही शिकलेली नाही हो. माझ्या सुनेनं मला वाचून दाखवलं. मी एका शाळेत मदतनीस होते, बावीस वर्षं. तुमच्या त्या लेखातली नाही, दुसरी शाळा. तो लेख वाचून आमच्या सरांनी खोली बांधली होती. मुलांना आत न्यायचं काम माझ्याकडे होतं.”

धाकटीनं समोरचं प्रूफ बाजूला सारलं.

“मी कुणाला किती वेळा नेलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. पण मला सगळी आठवतात. एकेक. मला ते कुणालातरी सांगायचंय. तुमच्याकडे चालतं का असं?”

ऑफिसचा असा काही नियम नव्हता. मोजणी नाही, तक्ता नाही, परीक्षक नाहीत. असा मजकूर त्रैमासिकात कोणत्या सदरात बसेल, हेही तिला सांगता आलं नसतं. धाकटीनं खोलीचं दार ओढून घेतलं, कोरी वही उघडली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“चालतं,” ती म्हणाली. “सावकाश सांगा. पहिलं मूल कोण होतं?”