तानुबाईच्या लुगड्याची कुंची

“आत्या, ही तर लेकराची कुंची!”

कस्तुरानं कापड उलटंपालटं केलं. तानुबाईच्या जुन्या लुगड्याची, आतून फलाटीण लावलेली, मानेवर झोळ सोडलेली. फक्त माप बाईच्या डोक्याचं.

“कुंचीच हाय. तुझ्यासाठी शिवलीया,” सासू म्हणाली.

पिंपरीच्या कारखान्यात कस्तुरा ड्रिल मशीनवर होती. अपघात झाला त्या सकाळी ती न्हाली होती. “ओले केस बांधू नगंस, पोरगी अंगावर पिती, सर्दी तिला व्हईल,” असं तानुबाईनंच बजावलं होतं. भोंगा झाला तशी कस्तुरा केस मोकळे ठेवूनच दापोडीहून धावली. मशीनवर वाकली आणि फिरत्या दांड्यानं केस ओढले, कातडीसकट. आता तिथं केस उगवणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या सकाळचं बोलणं मात्र दोघींपैकी कुणीच काढलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यापासून लेक जवळ येत नव्हती. डोक्याची पट्टी दिसली की किंचाळून आजीच्या कुशीत शिरायची. पदरानं झाकावं, तर पदर ठरत नव्हता. पदर ठरायलाही केस लागतात, हे कस्तुराला आता कळत होतं.

शेजारची भिमाबाई दारात टेकली. “काय वं तानुबाई, सुनंला पाळण्यात घालताय का काय?”

“घालीन की, दोरी वढाय तू ये! अगं, आमच्याकडं मावळात भात लावताना बाया डोक्यावर पोत्याची खोळ घ्यायच्या, तिला कुंचीच म्हनायचे. माझी आज्जी थंडीत गोधडीची घालायची, तीबी कुंचीच. तान्ह्या पोरांचीच झाली ती आत्ता आत्ता.”

“आन् हे नाव आलं कुठनं?”

“मला काय ठावं बया! कुनाच्या तरी डोस्क्याला गार लागलं आसंल.”

भिमाबाई हसत गेली. तानुबाई सुनेच्या हनुवटीखाली नाड्या बांधू लागली. गाठ काही बसेना.

“कस्तुरा, त्या दिशी मी...”

“ऱ्हाऊ द्या, आत्या.”

“घट्ट झाली का गं?”

“न्हाई.”

लेक रांगत उंबऱ्यापर्यंत गेली, वळली, थबकली. पोरगी बघत राहिली, मग हळूहळू मांडीशी आली आणि झोळात तोंड खुपसून हुंगू लागली. लुगड्याला तानुबाईचा वास होता, चुलीचा, तंबाखूचा. पोरगी आजीलाच हुंगत होती. कस्तुराला ते कळलं, तरी तिनं तिला उचलून छातीशी धरलं.

नाडी मुठीत गच्च धरून लेक झोपली. झोपेत मूठ खाली ओढली जाई, तशी कुंची ताणली जायची आणि आतली ओली जखम पेटायची.

“सोडवू का मूठ?” तानुबाईनं विचारलं.

कस्तुरानं मान हलवली नाही. नुसता हात वर केला, नको म्हणून.